हवाईचा शेवटचा राजा

हवाई म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? वायकिकीचा किनारा, गळ्यात फुलांच्या माळा, अननस, हुला डान्स आणि 'अलोहा'! आपल्या मंडळातली निम्मी कुटुंबं तरी एखाद्या थँक्सगिव्हिंगला किंवा ख्रिसमसच्या सुट्टीत तिकडे जाऊन आलेली आहेत आणि उरलेल्यांनी त्यांचे फोटो (कधी आवडीने, कधी नाइलाजाने) पाहिलेले आहेत. पण होनोलुलूच्या डाउनटाउनमध्ये एक खराखुरा राजवाडा आहे, हे किती जणांच्या लक्षात राहतं? अमेरिकेच्या पन्नास राज्यांत राजा जिथे अधिकृतपणे राहत होता असा हा एकच राजवाडा. तो बांधणारा राजा हवाईचा शेवटचा राजा ठरला. त्याचं नाव डेव्हिड कलाकौआ.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. पेशाने कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी कन्सल्टिंग. पण एका प्रोजेक्टच्या निमित्ताने होनोलुलूत काही आठवडे राहणं झालं, संध्याकाळी हॉटेलवर बसून करायचं काय म्हणून या राजाबद्दल वाचायला लागलो आणि वाचतच गेलो. शिवाजी महाराजांपासून पेशवाईपर्यंतचा इतिहास ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्या माणसाला या गोष्टीतल्या कितीतरी जागा ओळखीच्या वाटतात. व्यापाराच्या निमित्ताने आलेले परके, कर्ज, तह, तैनाती फौजेची आठवण करून देणारे प्रकार, आणि एके दिवशी राज्यच नाहीसं होणं. म्हणून म्हटलं, या वर्षी दिवाळी अंकाच्या वाचकांना ही गोष्ट सांगावी.

थोडी पार्श्वभूमी

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी, सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे २४०० मैलांवर ही बेटं आहेत. कॅप्टन कुक १७७८ मध्ये तिथे पोचला तेव्हा वेगवेगळ्या बेटांवर वेगवेगळे सरदार राज्य करत होते. पहिल्या कामेहामेहा राजाने लढाया करून आणि थोडा मुत्सद्दीपणा दाखवून १८१० पर्यंत सगळी बेटं एका छत्राखाली आणली. १८२० मध्ये अमेरिकेहून मिशनरी आले. त्यांनी हवाईयन भाषेला रोमन लिपी दिली, छापखाने काढले, शाळा काढल्या. काही वर्षांतच हवाईयन लोक आपल्या भाषेत लिहू-वाचू लागले. १८४३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सने हवाईला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. म्हणजे आपण ज्याच्याबद्दल बोलतोय ते राज्यघटना, मंत्रिमंडळ, परदेशात वकिलाती असलेलं रीतसर राज्य होतं.

पण या चित्राला दुसरी बाजूही होती. परक्यांबरोबर देवी, गोवर असे रोग आले आणि या लोकांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध काहीच प्रतिकारशक्ती नव्हती. कुकच्या वेळची लोकसंख्या नक्की किती याबद्दल मतभेद आहेत, पण अगदी कमी धरली तरी दोन-तीन लाख असावी. १८७२ च्या जनगणनेत मूळ हवाईयन उरले होते जेमतेम ५० हजारांच्या आसपास! शंभर वर्षांत एवढी माणसं गेली, तर मागे राहिलेल्यांच्या मनाचं काय झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

दुसरी गोष्ट जमिनीची. १८४८ मध्ये 'ग्रेट माहेले' नावाची जमिनीची मोठी वाटणी झाली. पूर्वी जमीन राजाची आणि वहिवाट सगळ्यांची अशी पद्धत होती. आता जमिनीला मालक आले, कागद आले. १८५० पासून परदेशी माणसालाही जमीन विकत घेता येऊ लागली. योगायोग पाहा, याच १८४८ मध्ये आपल्याकडे साताऱ्याच्या गादीचं दत्तकविधान इंग्रजांनी नामंजूर केलं आणि छत्रपतींचं राज्य खालसा केलं. राज्य घालवायच्या तऱ्हा दोन, साल एकच!

जन्म आणि जडणघडण

कलाकौआचा जन्म १६ नोव्हेंबर १८३६ चा, होनोलुलूचा. त्याच दिवशी तिसऱ्या कामेहामेहा राजाला ब्रिटिश युद्धनौकेच्या धाकाखाली एका तहावर सही करावी लागली होती. म्हणून बाळाचं नाव ठेवलं कलाकौआ, म्हणजे 'लढाईचा दिवस'. पुढे त्याच्या आयुष्यात जे झालं ते पाहता नाव ठेवणाऱ्याची कमाल वाटते.

हवाईत मूल जन्मल्यावर ते दुसऱ्या नातेवाइकाकडे किंवा सरदार घराण्यात वाढवायला देण्याची 'हानाइ' नावाची पद्धत होती. आपल्याकडच्या दत्तकाची जवळची बहीणच म्हणा, फक्त वारस नाही म्हणून घ्यायचं असं बंधन नव्हतं. घराण्या-घराण्यांतले संबंध पक्के व्हावेत हा हेतू. कलाकौआ आणि त्याची धाकटी बहीण लिलिउओकलानी ही सख्खी भावंडं, पण वाढली वेगवेगळ्या घरांत.

सरदारांच्या मुलांसाठी एक खास शाळा होती. ती अमोस कुक आणि ज्युलिएट कुक हे मिशनरी जोडपं चालवायचं. तिथे तो उत्तम इंग्रजी शिकला. पुढे कायद्याचा अभ्यास केला, सरकारी नोकऱ्या केल्या, काही काळ देशाचा पोस्टमास्टर जनरलही होता. त्याचे हे कुक मास्तर मात्र पुढे दुसऱ्या वाटेने गेले. त्यांनी १८५१ मध्ये कॅसल नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याबरोबर दुकान काढलं आणि 'कॅसल अँड कुक' ही कंपनी पुढे साखरेच्या धंद्यातल्या पाच बलाढ्य कंपन्यांपैकी एक झाली. ज्यांनी धडे दिले त्यांच्याच पुढच्या पिढीशी या मुलांना झगडावं लागणार होतं.

निवडून आलेला राजा

पाचवा कामेहामेहा १८७२ मध्ये वारस न नेमताच वारला. घटनेप्रमाणे मग राजा निवडायचा होता. पहिल्या खेपेला लोकप्रिय लुनालिलो निवडून आला, कलाकौआ हरला. पण लुनालिलो वर्षभरातच, फेब्रुवारी १८७४ मध्ये, गेला. पुन्हा निवडणूक. या वेळी समोर होती विधवा राणी एमा. सामान्य जनता, निदान होनोलुलूतली, एमाच्या बाजूने होती. पण मतं विधिमंडळाची होती. १२ फेब्रुवारी १८७४ ला निकाल लागला: कलाकौआ ३९, एमा ६.

निकाल ऐकताच एमाच्या समर्थकांनी कोर्टाच्या इमारतीत घुसून दंगल केली, आमदारांना मारहाण केली. आणि इथे नव्या राजाला पहिलाच निर्णय असा घ्यावा लागला की ज्याची सावली त्याच्या पूर्ण कारकिर्दीवर पडली. बंदरात उभ्या असलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश युद्धनौकांवरचे सैनिक बोलावून दंगल शमवावी लागली. राज्य मिळालं, पण पहिल्याच दिवशी परक्यांच्या बंदुकीच्या आधाराने. आपल्याला वसईचा तह आठवतो की नाही?

साखरेचा गोडवा

गादीवर आल्यावर त्याने पहिलं मोठं काम केलं ते अमेरिकेशी व्यापारी तह करण्याचं. स्वतः १८७४ च्या अखेरीस वॉशिंग्टनला गेला. गादीवर असलेला कुठलाही राजा अमेरिकेत येण्याची ही पहिलीच वेळ. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्याच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये मेजवानी दिली. आज परदेशी पाहुण्यांसाठी 'स्टेट डिनर' म्हणून जो थाटमाट असतो त्याची सुरुवात या मेजवानीपासून धरतात.

तह झाला १८७५ मध्ये, अमलात आला १८७६ मध्ये. हवाईची साखर अमेरिकेत बिनजकातीने जाऊ लागली. परिणाम आकड्यांतच पाहा. १८७५ मध्ये सुमारे अडीच कोटी पौंड साखर निर्यात होत होती, १८९० मध्ये ती जवळजवळ २६ कोटी पौंडांवर गेली. पंधरा वर्षांत दहापट! आजच्या कुठल्याही स्टार्टअपला हेवा वाटावा अशी वाढ.

पण पैसा गेला कुणाच्या खिशात? मळे बहुतांशी अमेरिकन आणि युरोपियन मालकांचे, त्यांतले बरेच मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं. सॅन फ्रान्सिस्कोहून क्लाउस स्प्रेकल्स नावाचा साखरसम्राट आला. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना साखरसम्राट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको! माउई बेटावर उसासाठी पाणी हवं होतं. १८७८ मध्ये पाण्याचे हक्क द्यायला मंत्रिमंडळ तयार होईना, तेव्हा राजाने रातोरात मंत्रिमंडळच बदललं आणि स्प्रेकल्सला पाणी मिळालं. त्याच सुमाराला स्प्रेकल्सने राजाला ४० हजार डॉलर कर्ज दिलं होतं. पुढे हवाईची स्वतःची चांदीची नाणी, राजाचा चेहरा असलेली, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडून आणण्याचं कामही यानेच केलं आणि त्यातही भरपूर नफा कमावला. राजा त्याच्या कर्जात, देश त्याच्या बोटींवर अवलंबून.

मळ्यांना मजूर लागत होते आणि हवाईयन माणसं तर कमी होत चाललेली. म्हणून चीनमधून, पोर्तुगालच्या मदेरा आणि अझोर्स बेटांवरून आणि १८८५ पासून जपानमधून मजुरांच्या बोटी येऊ लागल्या. १८७९ मध्ये आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी एक छोटं तंतुवाद्य बरोबर आणलं. त्यापासूनच 'युकुलेले' तयार झालं. राजाला ते इतकं आवडलं की दरबारात वाजू लागलं. आज जे वाद्य आपण अस्सल हवाईयन समजतो ते असं बाहेरून आलेल्यांचं आहे. आपल्या पेटीची गोष्ट तरी काय वेगळी आहे?

जगप्रदक्षिणा, व्हाया मुंबई

२० जानेवारी १८८१ ला कलाकौआ जगाच्या सफरीला निघाला. राज्य बहीण लिलिउओकलानीच्या हाती सोपवलं. बरोबर लवाजमा किती? अॅटर्नी जनरल आर्मस्ट्राँग, दरबारातले अधिकारी जड आणि एक जर्मन खानसामा. बस्स, एवढीच माणसं! आपल्याकडचा एखादा आमदारही यापेक्षा जास्त माणसं घेऊन फिरतो.

जपानमध्ये सम्राट मेइजींनी त्याचं जोरदार स्वागत केलं. तिथे कलाकौआने आपल्या गोऱ्या सोबत्यांना कळू न देता सम्राटाची गाठ घेतली आणि दोन प्रस्ताव ठेवले. पहिला, आशियातल्या राष्ट्रांनी एकत्र येऊन एक संघ करावा आणि त्याचं नेतृत्व जपानने करावं. दुसरा, आपली पाच वर्षांची भाची काइउलानी हिचं लग्न एका जपानी राजपुत्राशी ठरवावं. म्हणजे पाश्चात्य सत्तांना शह देण्यासाठी सोयरीक, अगदी आपल्या मराठेशाहीतल्यासारखी! जपानने दोन्ही गोष्टींना नम्रपणे नकार दिला. पण विचार करा, जेमतेम साठ-सत्तर हजार वस्तीच्या देशाचा राजा १८८१ मध्ये आशियाच्या एकजुटीची गोष्ट बोलत होता. त्याला खुळा म्हणणारे तेव्हाही होते. मला मात्र त्यात धोका आधीच ओळखलेला माणूस दिसतो.

पुढे चीन, हाँगकाँग, सयाम, सिंगापूर, जोहोर, ब्रह्मदेश करत स्वारी कलकत्त्याला पोचली. तिथून रेल्वेने हिंदुस्तान ओलांडून मुंबईला, आणि मुंबईहून बोटीने सुएझकडे. कलकत्ता-मुंबई हा सलग लोहमार्ग तेव्हा फक्त अकरा वर्षांचा होता. बोरीबंदरची आपली 'व्ही.टी.'ची भव्य इमारत अजून बांधून व्हायची होती, काम चालू होतं. त्या वर्षीच्या जनगणनेत मुंबई शहराची वस्ती पावणेआठ लाखांच्या जवळ होती. म्हणजे राजाच्या सबंध देशाच्या दहापट माणसं एका शहरात! आणि त्याच १८८१ च्या जानेवारीत पुण्यात चिपळूणकर, आगरकर, टिळक मंडळींचा 'केसरी' सुरू झाला होता. राज्य जाऊन साठ-पासष्ट वर्षं झालेला समाज नुकता पुन्हा बोलू लागला होता, आणि ज्याचं राज्य अजून शिल्लक होतं असा एक राजा त्याच वर्षी आपल्या प्रांतातून पुढे गेला. दोघांना एकमेकांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण मला तो योगायोग फार बोलका वाटतो.

प्रवासाचं एक कारण मळ्यांसाठी मजूर शोधणं हेही होतं. मॉरिशस, त्रिनिदाद, फिजीला जसे आपल्याकडचे गिरमिटिये गेले तसे हवाईला मात्र गेले नाहीत. नाहीतर आज होनोलुलूतही मॉरिशससारखी जुनी मराठी वस्ती असती कदाचित!

इजिप्त, रोम, लंडन, पॅरिस असं सगळं पाहत, पोप आणि राणी व्हिक्टोरिया यांना भेटत, अमेरिकेमार्गे २९ ऑक्टोबरला तो घरी परतला. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा जगाच्या इतिहासातला पहिला राजा.

वीज आणि हुला

आता माझ्या आवडीचा भाग. न्यूयॉर्कमध्ये तो थॉमस एडिसनला भेटला आणि विजेच्या दिव्यांबद्दल बारकाईने चौकशी केली. नुसती हौस म्हणून नाही. १८८२ मध्ये इओलानी राजवाडा पूर्ण झाला, १८८७ पर्यंत त्यात विजेचे दिवे लागले. व्हाइट हाउसमध्ये वीज आली १८९१ मध्ये! राजवाड्यात टेलिफोनही होता. १८८८ मध्ये नुउआनू दरीतल्या पाण्यावर वीज तयार करून होनोलुलूचे रस्ते उजळले आणि ते बटण दाबलं बारा वर्षांच्या काइउलानीने. नवं तंत्रज्ञान आधी स्वतः वापरून बघायचं आणि मग लोकांपर्यंत न्यायचं, आमच्या धंद्यात अशा माणसाला फार मान असतो.

या राजवाड्यावर त्या काळचे साडेतीन लाखांच्या आसपास डॉलर खर्च झाले. १८८३ मध्ये, गादीवर येऊन नऊ वर्षं झाल्यावर, त्याने थाटात राज्याभिषेक करून घेतला. मुकुट त्याने स्वतःच स्वतःच्या डोक्यावर ठेवला, कारण त्या देशात त्याच्याहून मोठं कुणी नव्हतं. उधळपट्टी म्हणून विरोधकांनी झोड उठवली. खरं सांगायचं तर टीकेत तथ्य होतं. तो पत्ते खेळायचा, मद्याचा शौकीन होता, त्याच्या मेजवान्या संपतच नसत. 'मेरी मोनार्क', म्हणजे मौजी राजा, हे त्याचं टोपणनाव त्यातूनच पडलं.

पण त्या राज्याभिषेकात अजून एक गोष्ट घडली. राजवाड्याच्या अंगणात उघडपणे हुला नाचला गेला. १८३० मध्ये मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली हुलावर जाहीर बंदी आली होती. तेव्हापासून हा नाच खेड्यापाड्यांत, लपूनछपून टिकून होता. ज्या समाजाकडे पूर्वी लिपी नव्हती त्याचं सगळं ज्ञान अशा नाचांत आणि मंत्रांत साठवलेलं असतं. देवांच्या कथा, वंशावळी, समुद्रप्रवासाच्या खुणा, सगळं. माझ्या भाषेत सांगायचं तर तो त्यांचा डेटाबेस होता आणि बॅकअप फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात! राजाने बेटाबेटांवरून ती माणसं गोळा केली. कार्यक्रमपत्रिका अश्लील आहे म्हणून ती छापणाऱ्यांवर खटला भरला गेला, तरी तो मागे हटला नाही. सरदार घराण्यांच्या वंशावळी तपासून लिहून घेतल्या. विश्वाच्या उत्पत्तीचा 'कुमुलिपो' हा दोन हजारांहून अधिक ओळींचा प्राचीन मंत्र त्याने १८८९ मध्ये छापवून घेतला. तोपर्यंत तो पिढ्यान्‌पिढ्या फक्त पाठांतराने आला होता. आपल्याकडे घरंदाज गायकीच्या चिजा भातखंड्यांनी अशाच गोळा करून छापल्या, त्या आधीच्या काळातली ही गोष्ट. राजा स्वतः कवी होता. हवाईच्या राज्यगीताचे शब्द त्याचेच, आणि आजही ते त्या राज्याचं अधिकृत गीत आहे.

कामेहामेहाच्या पुतळ्याची तर गंमतच आहे. युरोपहून येताना बोट फॉकलंड बेटांजवळ बुडाली आणि पुतळा समुद्रात गेला. विम्याच्या पैशांतून दुसरा करून १८८३ मध्ये उभा केला. नंतर पहिलाही सापडला! आज होनोलुलूत सगळे ज्याच्यासमोर फोटो काढतात तो हा दुसरा. मूळचा कोहालाला, कामेहामेहाच्या जन्मभूमीजवळ आहे.

संगिनीची घटना

मळेवाल्यांना राजाचा खर्च खुपत होताच, पण त्याहून जास्त खुपत होतं ते राज्यकारभार आपल्या हाती नसणं. कर भरतो आम्ही आणि सत्ता मात्र त्याची, असा त्यांचा सूर. राजानेही त्यांच्या हाती कोलीत दिलं. अफूच्या परवान्यासाठी एका चिनी व्यापाऱ्याकडून ७१ हजार डॉलर घेतले गेले आणि परवाना दिला दुसऱ्यालाच. सामोआशी संघ करण्यासाठी पाठवलेली मोहीम फसली. प्रकरणं वर्तमानपत्रांत गाजली आणि विरोधकांना हवं ते निमित्त मिळालं.

लॉरिन थर्स्टन हा मिशनऱ्यांचा नातू पुढे आला. गुप्त संघटना उभी राहिली, तिच्या हाताशी 'होनोलुलू रायफल्स' ही गोऱ्यांची सशस्त्र पलटण. ६ जुलै १८८७ ला तयार घटना राजापुढे ठेवली गेली आणि त्याला सही करावी लागली. लोक तिला 'बेयोनेट कॉन्स्टिट्यूशन' म्हणतात, म्हणजे संगिनीच्या टोकावरची घटना. तिने राजाचे जवळजवळ सगळे अधिकार काढून मंत्रिमंडळाला दिले. वरच्या सभागृहासाठी मत द्यायचं तर वर्षाला ६०० डॉलर उत्पन्न किंवा ३००० डॉलरची मालमत्ता हवी. बहुतेक हवाईयन त्यात बसतच नव्हते. आशियाई लोकांचा मताधिकार पूर्ण काढला. उलट अमेरिकन आणि युरोपियन रहिवासी देशाचे नागरिक नसले तरी त्यांना मत! परदेशात वर्षानुवर्षं टॅक्स भरूनही मतदान न करणाऱ्या आपल्या एच-वन आणि ग्रीनकार्डवाल्या मंडळींनी ही तरतूद जरा सावकाश वाचावी.

त्याच वर्षी व्यापारी तहाची मुदत वाढवताना पर्ल हार्बर वापरण्याचा हक्क एकट्या अमेरिकेला मिळाला. ५४ वर्षांनी त्याच बंदरावर जपानचे बाँब पडले, ते तर सगळ्यांना माहीत आहेच.

राजाने हुशार तरुणांना सरकारी खर्चाने परदेशी शिकायला पाठवण्याची योजना चालवली होती. त्यांतला इटलीत लष्करी शिक्षण घेतलेला रॉबर्ट विल्कॉक्स परत आला आणि १८८९ मध्ये ही घटना उलथवण्यासाठी त्याने बंड केलं. ते फसलं. तरी शिकून परत आलेल्या मुलाने देशासाठी काहीतरी करायला घेतलं, हे वाचून मी जरा थांबलो होतो.

अखेर

१८९० मध्ये अमेरिकेने जकातीचा नवा कायदा केला. सगळ्याच देशांची साखर बिनजकातीची झाली आणि हवाईची खास सवलत संपली. ज्या एका खांबावर अर्थव्यवस्था उभी होती तोच हलला. एकाच क्लायंटवर अवलंबून असलेल्या कंपनीचं जे होतं तेच.

खचलेल्या तब्येतीने राजा नोव्हेंबर १८९० मध्ये अमेरिकन युद्धनौका 'चार्ल्स्टन'वरून कॅलिफोर्नियाला आला. १६ जानेवारी १८९१ ला एडिसनच्या फोनोग्राफवर त्याचा आवाज मुद्रित केला गेला. तो मेणाचा सिलिंडर होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहे, पण इतका झिजलेला की शब्द कळणं कठीण. चार दिवसांनी, २० जानेवारीला, सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलमध्ये तो गेला. वय ५४. मार्केट स्ट्रीटवरचं आजचं पॅलेस हॉटेल १९०६ च्या भूकंपानंतर नव्याने बांधलेलं आहे, जागा मात्र तीच. बे एरियातले आपण कितीदा त्याच्यासमोरून जातो.

हवाईपर्यंत समुद्राखालून तार यायला अजून बारा वर्षं होती. त्यामुळे होनोलुलूत कुणालाच काही कळलं नव्हतं. राजा परत येणार म्हणून शहर सजवलं होतं, कमानी उभ्या होत्या. २९ जानेवारीला 'चार्ल्स्टन' दिसली ती अर्ध्यावर उतरवलेल्या निशाणासह. स्वागताची सजावट उतरवून काळी कापडं लावायला लोकांना काही तासच मिळाले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. लिलिउओकलानी राणी झाली. १७ जानेवारी १८९३ ला थर्स्टनच्याच गटाने, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, तिला पदच्युत केलं. १८९५ मध्ये तिला भावाने बांधलेल्या राजवाड्यातच कैदेत ठेवलं. विलीनीकरणाच्या विरोधात १८९७ मध्ये २१ हजारांहून अधिक हवाईयन लोकांनी अर्जावर सह्या केल्या. तरी १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली आणि १९५९ मध्ये ते पन्नासावं राज्य झालं. १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने या सगळ्याबद्दल ठराव करून माफी मागितली. राज्य अर्थातच परत मिळालं नाही.

मग उरलं काय?

कलाकौआ चांगला राजा होता की वाईट? दोन्ही बाजूंची पुस्तकं वाचल्यावर माझं मत असं झालंय की राज्य टिकवण्यात तो हरला. त्याच्या चुका होत्या, कर्ज होतं, चुकीचे सल्लागार होते. पण त्याच्या जागी कुणी कितीही काटकसरी असता तरी साखर, पर्ल हार्बर आणि शेजारी अमेरिका हे गणित बदललं नसतं.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र तो जिंकला. १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी केलं. शाळेत हवाईयन बोललं की मुलांना शिक्षा होई. आईबापांनीही मुलांच्या भल्यासाठी म्हणून घरात इंग्रजी सुरू केलं. दोन-तीन पिढ्यांत ही वेळ आली की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, नीहाऊ हे छोटं बेट सोडलं, तर अस्खलित हवाईयन बोलणारी मुलं शंभरही नव्हती. तेव्हा काही पालक आणि शिक्षक एकत्र आले. १९८४ मध्ये 'पूनाना लेओ' म्हणजे 'भाषेचं घरटं' नावाची पहिली बालवाडी निघाली, जिथे दिवसभर फक्त हवाईयनच बोलायचं. १९७८ मध्ये ती राज्याची अधिकृत भाषा झाली होतीच. आज बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत त्या भाषेत शिकता येतं. हे सगळं पुन्हा उभं करताना हाताशी काय होतं? जुनी हवाईयन वर्तमानपत्रं आणि राजाच्या काळात लिहून, छापून ठेवलेले मंत्र, वंशावळी, गाणी. हिलो गावात दर वर्षी ईस्टरनंतर हुलाचा सर्वांत मोठा महोत्सव भरतो. त्याचं नाव 'मेरी मोनार्क'. ज्या नावाने त्याची टिंगल झाली त्याच नावाने नातवंडं-पतवंडं नाचतात.

आपली मराठी एवढ्या संकटात नाही, कोट्यवधी माणसं ती बोलतात, हे खरं. पण हे महाराष्ट्रात. इथे, आपल्या घरात, ती बोलणारी माणसं किती? आई-बाबा मराठीत विचारतात आणि मुलं इंग्रजीत उत्तर देतात, हे चित्र आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. हवाईत भाषा कायद्याने आणि छडीने गेली. आपल्यावर ना कायद्याची सक्ती, ना कुणाची छडी. तरी रविवारच्या मराठी शाळेत मुलाला न्यायचं की सॉकरला, असा प्रश्न आला की आपण काय निवडतो हे ज्याचं त्याने पाहावं. मी सॉकरच्या विरोधात नाही, माझाही मुलगा खेळतो. पण ज्यांची भाषा गेली त्यांना ती परत आणायला किती खटाटोप करावा लागला हे पाहिल्यावर, असलेली टिकवणं त्या मानाने फार स्वस्तातलं काम आहे, एवढं नक्की.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी होनोलुलूला गेलात तर बीचवरून दोन तास काढून इओलानी राजवाडा जरूर बघा. आतला जिना, नाचाचा दिवाणखाना आणि राणीला जिथे कैदेत ठेवलं ती वरच्या मजल्यावरची खोली पाहा. मुलांना बरोबर न्या. आणि तिथे उभं राहून ही गोष्ट त्यांना सांगा, शक्यतो मराठीतून!

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.